परत बोला म्हणणारी सिस्टर

पोरगी निळी पडली नव्हती. पडली असती तर मला उमगलं असतं. बाळंतपणाच्या वार्डात माझे केस पिकले, निळं पोर कसं दिसतं ते मला शिकवायला नको. ही निळी नव्हती. गाल लालसर, ओठ लालसर, आणि मान मात्र माझ्या हातावरून ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी खोलीच्या दारात तिला धरून उभी होते. आत तिची आई खाटेवर तोंड उघडं टाकून पडली होती. आणि आमची सिस्टर माझं मनगट आवळून म्हणत होती,

"पोरीला मागच्या पटांगणात ने. तिच्या छातीवरची नजर काढू नको. छाती हलायची थांबली की वरड. परत बोल."

मला वाटलं, हिच्या तोंडात मारावी. पोर हातातून चाललंय आणि या बाईला पाठांतर ऐकायचंय.

पण ती बाई तशीच होती. त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर आधी तिला सांगावं लागेल.

नाव सांगणार नाही. तिनंही ते कधी पुरतं सांगितलं नाही. आमच्याकडं नवं माणूस आलं की लोक आधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की मग ठरवतात, याच्या हातचं पाणी प्यायचं की नाही. तिला कुणी आडनाव विचारलं की ती म्हणायची, सिस्टर. ते कळलं वो, पण आडनाव काय? सिस्टरच. दोनतीनदा असं झालं की विचारणारा दमायचा. माजलगावकडची होती. तिच्या घरी फळीवर बुद्धाची मूर्ती होती, ती मी पाहिली होती. तिनं ते लपवलंही नाही आणि मिरवलंही नाही. दवाखान्यात ती फक्त सिस्टर.

दवाखान्याचंही नाव घेत नाही. धारूरकडच्या डोंगरात घाटमाथ्यावर एक सरकारी दवाखाना आहे, एवढं पुरे. मी तिथं आया होते. सगळे मला मावशी म्हणायचे, तीही म्हणायची. मावशी, तुमी हे करा, मावशी, तुमी ते करा. मीही तिला तोंडावर तुमीच म्हणायचे. वयानं आम्ही सारख्याच असू. इथं ती म्हणते, कारण मनात ती मला कधी 'त्या' वाटली नाही.

बुटकी, अंगानं भरलेली, चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला. चालताना टाचा आपटायची, त्यामुळं ती येते आहे हे वार्डाला आधीच कळायचं. पळताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. वार्डात कुणी पळालेलं तिला खपायचं नाही. पळालं की माणूस पुढं जातं आणि डोळे मागं राहतात, असं ती म्हणायची.

तिचा मोठा वेडेपणा म्हणजे ते 'परत बोला.' काहीही सांगितलं की समोरच्यानं ते तिला म्हणून दाखवायचं. कोपऱ्यावरचा चहावाला आला की ती सांगायची, तीन चहा, एक बिनसाखरेचा, मावशीच्यात आलं जास्त. आणि त्याच्याकडं बघत थांबायची. तो बिचारा तीन चहा, एक बिनसाखरेचा म्हणत माघारी जायचा. बाहेर लोकांना सांगायचा, आत एक परतबोले बाई आहे, चहाचीही परीक्षा घेते. ते नाव तिला चिकटलं. तिला ठाऊक होतं. तिला त्याचं काही नव्हतं.

डॉक्टरांना ती 'परत बोला' म्हणत नसे, तेवढी रीत पाळायची. पण डॉक्टरांनी सांगितलेलं औषध ती त्यांनाच मोठ्यानं म्हणून दाखवायची. कुणाला, कोणतं, किती. ते 'हो' म्हणेपर्यंत जागची हलायची नाही. नवा डॉक्टर आला की पहिले काही दिवस चिडायचा. एकजण म्हणाला, सिस्टर, तुम्हाला ऐकायला कमी येतं का? ती म्हणाली, "मला येतंय साहेब. तुमचं तुमाला ऐकू यावं म्हणून म्हणते." तो हसला. पोरगा चांगला होता. पुढं तोच तिच्या टेबलापाशी येऊन, हं म्हणा, असं म्हणत उभा राहायचा. त्या दिवशी दवाखान्यात होता तोही तोच.

एकदा ऑपरेशनचा कॅम्प होता. बायका ओळीनं बसलेल्या, नुसता कालवा. सिस्टरनं मला सांगितलं, खिडकीकडच्या बाईला पाणी द्या, दाराकडचीला काही देऊ नका. मी सवयीनं म्हणून दाखवलं. खिडकीकडचीला पाणी, दाराकडचीला काही नाही. तिनं कपाळाला आठी घातली. मग म्हणाली, थांबा मावशी, उलटं झालं, ऑपरेशन खिडकीकडचीचं आहे, पोट रिकामं पाहिजे तिचं. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती, कुणाला काय कळणार होतं. ही दिवसभर भेटेल त्याला सांगत फिरली, आज माझी चूक मावशींच्या तोंडून सापडली. डॉक्टरांना सांगितलं, झाडूवालीला सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई. माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं, आणि माझ्या नवऱ्यानं तर नाहीच नाही.

औषध काढायला बसली की ती खांद्यावर एक लाल दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाचायची. दस्ती खांद्यावर आहे तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा कायदा. आमच्या भागातला एक पुढारी आईला बघायला आला. त्याची आई दाखल होती. मागं कडक इस्त्रीचे पाचसहाजण. नमस्कार सिस्टर, आमची आई कशी हाय, असं त्यानं विचारलं. सिस्टर बाटलीवरचं नाव वाचत होती. तिनं मान वर केली नाही, डावा तळहात तेवढा उभा केला. पुढारी उभाच. मागचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आरं, ही साहेबाला वळखत न्हाई का?"

मी म्हणाले, "वळखते. आदी बाटलीला वळखू द्या."

सिस्टरनं सावकाश औषध सुईत घेतलं, पुन्हा एकदा बाटलीकडं बघितलं, दस्ती काढली आणि म्हणाली, हां साहेब, आता बोला, तुमच्याच आईचं औषध व्हतं. पुढच्या वेळी तो आला तेव्हा दारातच मला हळूच विचारतो, मावशी, दस्ती उतरली का?

घरीही ती वेगळी नव्हती. तिचा नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, हसरा माणूस. एकदा त्यांच्याकडं जेवायला गेले होते तर तो मला म्हणाला, "बघायला गेलतो तवा मी म्हणलं, पोरगी पसंत हाय. तर ही आतनं म्हणती, परत बोला."

मी हसले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग? तुमी माज्या भणीकडं बघून म्हणलं व्हतं."

आणखी एक खोड. कोणत्याही खोलीत ती एकदम शिरत नसे. दारात थांबायची. कोंबडीसारखी मान इकडं तिकडं फिरवायची, नाकानं हुंगायची, आणि आत किती माणसं आहेत ते बघायची. पेशंट नाही, माणसं. खाटेवरच्या बाईला तर ती विचारायचीच, पण खाली बसलेल्या सासूलाही विचारायची, तुमी जेवलात का, तुमचं काय दुखतंय का. लोकांना वाटायचं, हिला काय करायचंय. एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, बाई, पेशंट आमची सून हाय, मी न्हाई. ती म्हणाली, खोलीत तुमीबी हाव ना, मग तुमालाबी बघते.

आणि ते बोटाचं मशीन. बोटाला चिमट्यासारखं लावतात, अंगात हवा किती पोचते त्याचा आकडा येतो. दवाखान्यात ते आलं तेव्हा सगळ्यांना त्याचं फार अप्रूप. तिलाही होतं. रोज सकाळी पुसायची, आधी आपल्या बोटाला लावायची, मग माझ्या, बरोबर चालतंय का बघायला. पण आकड्यावर ती कधी विसंबून राहिली नाही. आकडा चांगला आणि बाईला एक वाक्य धड पुरं करता येत नाही, असं असलं की ती आकड्याला मोजत नसे. "मशीनला बोट दिसतं मावशी, बाई दिसत न्हाई." नव्या पोरींना ती हेच सांगायची, आणि अर्थातच परत म्हणायला लावायची.

आता शेकाचं सांगते. आमच्याकडं बाळंतिणीला शेक लागतो. खाटेखाली निखाऱ्याचं घमेलं ठेवायचं, त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायच्या, वरून वाकळ सोडायची, आणि दारं खिडक्या लावून घ्यायच्या, वारं लागू नये म्हणून. मी स्वतः माझी सगळी बाळंतपणं शेकावर काढली. बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण ते आमच्या कुडाच्या घरात. तिथं चारी बाजूंनी फटी. दवाखान्याच्या सिमेंटच्या खोलीत फट नाही, आणि तिथं ऑक्सिजनची टाकी.

दर हिवाळ्यात बायका विस्तव लपवून आत आणायच्या आणि सिस्टर तो हुंगून काढायची. बादलीत आणलेला, पातेल्यात आणलेला, एकीनं तर कुकरमध्ये आणलेला. आधीच्या सिस्टर आरडाओरडा करायच्या, बायकांना अडाणी म्हणायच्या. हिनं तसं केलं नाही. तिनं वार्डाच्या मागं चार खांबांवर पत्रे टाकून घेतले आणि सगळ्यांना सांगितलं, शेक घ्यायचा तर इथं घ्या, कुणी काही म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, सरकारी दवाखान्यात शेगडी? ती म्हणाली, "न्हाई म्हणलं तर खाटेखाली ठिवत्यात साहेब. उघडा विस्तव मला दिसतो. लपवलेला दिसत न्हाई." डॉक्टरांनी विचार केला आणि हो म्हणाले. बायका पत्र्याखाली बसू लागल्या. कितीक हिवाळे असे नीट गेले.

त्या वर्षी मात्र वारं फार होतं. घाटाकडून असं यायचं की चूल लवकर पेटायची नाही. कोपऱ्यातल्या खोलीत खालच्या वाडीची एक पहिलटकरीण होती, मुलगी झालेली. सोबतीला तिची आई. ती पोरीची आजी, म्हणून तिला सगळे आजीच म्हणायचे. काटक, तिखट बाई. आदल्या दिवशी तिचं आणि सिस्टरचं वाजलं होतं. आजीचं म्हणणं, ओली बाळंतीण उघड्यावर बसवता व्हय? सिस्टर म्हणाली, चादरी बांधून देते, आडोसा करून देते. आजी हूं म्हणाली. त्या हूंचा अर्थ तेव्हा कुणाला कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या गडबडीत आजीनं पटांगणात सोबतच्या बायका स्वयंपाक करतात त्या चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, घमेलं भाकरीच्या पाटीत ठेवलं, वर भाकरी ठेवल्या, फडकं टाकलं आणि सगळ्यांसमोरून खोलीत घेऊन गेली. मीच तिला वाट दिली. भाकरीचा वास येत होता, कोण हुंगणार? खोलीत जाऊन तिनं घमेलं खाटेखाली सारलं, जमिनीपर्यंत वाकळ सोडली, खिडकीच्या फटीत कागदाचे बोळे कोंबले. हे सगळं तिनंच नंतर सांगितलं.

तेव्हा आमच्याकडं केजकडची एक शिकाऊ पोरगी होती. तीच त्या खोलीत जाऊन बाळंतिणीला बघून आली. आजीनं तिला फार वेळ थांबू दिलं नाही, झोपलीय, उठवू नका म्हणाली. तिची पाठ वळल्यावर आजीनं निखाऱ्यावर ओवा टाकला आणि दाराखालीही पोतं सारलं. पोरगी येऊन सिस्टरच्या टेबलापाशी उभी राहिली. मी तिथंच चादरी मोजत होते. पोरगी म्हणाली, कोपऱ्यातली बाळंतीण ठीक आहे, झोप येतीय म्हणते, डोकं दुखतंय, एकदा ओकली, रक्त जास्त जात नाही, बीपी बरोबर, मशीनचा आकडा अठ्ठ्याण्णव.

सिस्टरनं चष्मा लावला. "परत बोला."

पोरीनं मनातल्या मनात शिवी दिली असणार. परत म्हणाली. झोप येतीय, डोकं दुखतंय, एकदा ओकली, रक्त जास्त नाही, बीपी बरोबर, आकडा अठ्ठ्याण्णव. आणि मग आठवून म्हणाली, "आन् आजी म्हणल्या, माजंबी डोकं फुटतंय, चा मिळंल का."

पहिल्या वेळी हे तिनं सांगितलं नव्हतं. आजी काही पेशंट नव्हती.

सिस्टर उठली. "बाळंतीण ती हाय. आजीचं डोकं कशानं दुखतंय?"

आणि ती पळाली. मी तिला पळताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. जाता जाता तिनं पोरीला दोनच शब्द सांगितले, डॉक्टर, ऑक्सिजन. मी तिच्या मागं.

दार ढकललं तर उघडेना, खालून पोतं. तिनं खांदा लावला, मी खांदा लावला. आतली ऊब तोंडावर आली, ओव्याचा वास आला. सिस्टर म्हणाली, पदर लावून उपेग न्हाई, श्वास धर. ती आधी खिडकीकडं गेली. बाईकडं नाही, पोरीकडं नाही. खिडकी उघडेना म्हणून तिनं स्टूल उचलून काच फोडली. मग पोरीला उचलून दारात माझ्या हातात दिलं आणि ते सांगितलं जे मी सुरुवातीला लिहिलं आहे. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. 'परत बोला'चं 'परत बोल' झालं.

मी म्हणाले, "पटांगणात नेते. छातीकडं बघते. थांबली की वरडते."

तिनं मनगट सोडलं. बोलले तेव्हा माझे पाय हलले. त्याआधी हलत नव्हते, हे मला पुढं लक्षात आलं.

पटांगणात चुलींपाशी बायका होत्या. त्या उठून भोवती जमल्या. मी म्हणाले, लांब व्हा, वारं अडवू नका. पोरीला उताणी हातावर घेतली, दुपटं काढलं आणि छातीकडं बघत राहिले. छाती हलत होती. बारीक, एखाद्या चिमणीची हलावी तशी. हलायची, मग थोडी थांबायची, मग हलायची.

त्या खोलीची खिडकी पटांगणातच उघडते. फुटलेली काच माझ्या पाठीशी होती. आत काय चाललंय ते बघावंसं फार वाटत होतं. मी बघितलं नाही. मला छातीकडं बघायला सांगितलं होतं. जे कळलं ते कानांनी.

डॉक्टर आल्याचं कळलं. खाट सरकल्याचा आवाज आला. बाळंतिणीला चादरीसकट ओढून व्हरांड्यात नेलं. शिकाऊ पोरगी रडक्या आवाजात म्हणत होती, साहेब, आकडा अजून चांगलाच दाखवतंय, हवा द्यायची का? डॉक्टर म्हणाले, काढ ते बोटाचं, निखाऱ्याच्या धुरातलं विष रक्तात गेलं की मशीन त्यालाच हवा समजतं, मास्क लाव, पूर्ण सोड. त्यांनी ते पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. सिस्टरला पुस्तकातलं आठवलं नव्हतं, एका खोलीत दोन डोकी दुखतात एवढंच तिला खटकलं होतं. दोघांचं मिळून पुरलं.

मग सिस्टरचा आवाज आला. "आजी कुठंय?"

कुणीतरी म्हणालं, चहाला गेली असंल.

"कुणी बगितली?"

 मग टाचांचा आवाज पुन्हा आत गेला. आजी, हे मला नंतर कळलं, भिंतीला टेकून, डोक्यावरून वाकळ ओढून बसलेली होती. अंथरुणाचा ढीग समजून सगळे तिच्यावरून गेले होते. सिस्टरनं तिला काखेत हात घालून एकटीनं ओढत दारापर्यंत आणली. आजी काटक होती, तरी बेशुद्ध माणूस जड असतं.

तेवढ्यात पोरीची छाती थांबली.

मी वाट बघितली. मघाही थांबून पुन्हा हलली होती. या वेळी हलली नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बायका सांगतात की मी "थांबली, थांबली" म्हणत होते.

सिस्टर आली. हातात लहान पोरांचा फुगा होता, तोंडावर बसवून दाबायचा, श्वास आत जातो. चुलीशेजारच्या दगडी ओट्यावर पोरीला ठेवली, मान जराशी सरळ केली, फुगा बसवला आणि दाबायला लागली. घाई नाही. दाब, सोड. दाब, सोड. तोंडानं म्हणतही होती. टाकीची नळी आणून जोडली. कुणीतरी देवीचं नाव घेतलं. सिस्टरनं वर बघितलं नाही. तिच्या खांद्यावर दस्ती नव्हती, तरी सगळ्या गप्प झाल्या.

पोरीचा पाय आखडला. मग हात. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. सिस्टर दाबत राहिली. आवाज मोठा झाला तेव्हा तिनं फुगा उचलला, नळी तशीच नाकाशी धरली आणि मला म्हणाली, मावशी, बसा आता तुमी. परत 'तुमी' झालं होतं.

गाडी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडं काढली. तिघींना तोंडाला मास्क, डॉक्टर आत, सिस्टर आत. ड्रायव्हरला तिनं सांगितलं, घाटात हळू, सपाटीला जोरात, कुठंच थांबायचं नाही. तो न विचारता म्हणाला, घाटात हळू, सपाटीला जोरात, थांबायचं न्हाई.

त्या दिवशी वाडीवरचे लोक आले आणि त्यांनी शिकाऊ पोरीला घेरलं. तुला दिसलं कसं नाही, म्हणाले. पोरगी आधीच अर्धी झाली होती, नोकरी गेली असं धरून चालली होती. दुसऱ्या दिवशी सिस्टर माघारी आली, आंघोळसुद्धा न करता लोकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "या पोरीनं आजीचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिनं ते सोडलं असतं तर आज तुमी स्मशानात उभं असता." एवढंच बोलली. लोक गेले. ती पोरगी आता स्वतः सिस्टर आहे, आणि तिच्या हाताखालच्या पोरी तिला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

आजीला सिस्टर एका शब्दानं रागावली नाही. आजी बरी होऊन वाडीवर आली तेव्हा मला घेऊन तिच्या घरी गेली. मला वाटलं, आता चांगली झाडते. तर म्हणाली, आजी, विस्तव आत कसा आणला तेवढं सांगा. आजीनं पाटीचं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "लई हुशार हाव तुमी. मला घावला न्हाई."  मग सिस्टरनं विचारलं, पत्र्याखाली काय असतं तर तुमी तिथं बसवलं असतं? आजी म्हणाली, तिन्ही बाजूंनी जाड ताडपत्री पाहिजे, चादरीनं काय होतंय, वारं खालून येतं. पत्र्याला ताडपत्री लागली. चौथी बाजू सिस्टरनं उघडी ठेवली. भाकरीच्या पाट्या तेव्हापासून दारात उघडून बघायचं काम माझ्याकडं आलं. बायका चिडायच्या. चिडू देत.

आम्ही दोघी आता घरी बसलो. ती माजलगावला लेकाकडं असते. मला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा तिनं फोनवर विचारलं, कोणती कधी घ्यायची. मी सांगितलं. तिकडून आवाज आला, परत बोला. मी सांगितलं, मी माझी गोळी मला पाहिजे तवा घेईन. तरी फोन ठेवायच्या आधी परत बोलले.

वाडीवर अजून म्हणतात की देवीनं वाचवलं. म्हणोत. मी तिथं होते, मी छातीकडं बघत होते. आजीचं डोकं त्यानंतर थोडं कमी चालतं, चुलीवर काय ठेवलं ते तिला आठवत नाही, पण जेवते, भांडते, मला ओळखते. बाळंतीण होती ती पोर आता शेतात सगळं काम करते. पोरगी शाळेत जाते, मास्तरानं काही सांगितलं की म्हणे वर्गात सगळ्यात आधी तीच परत म्हणून दाखवते, ते खरं की खोटं मला माहीत नाही.

त्या खोलीत तिघीजणी होत्या. तिघी जगल्या.